परभणीची ऑर्डर आणि टोपी

एडिसन, न्यू जर्सी
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचलात आणि आईच्या पायांची सूजही उतरली, हे ऐकून जीव भांड्यात पडला. घर फार शांत झालंय. सकाळी चहा अजून चार कपच टाकला जातो.

बाबा, तुम्ही निघायच्या तीन दिवस आधी, २५ जूनच्या रात्री, आपण टीव्हीवर एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे इथल्या बास्केटबॉल लीगमधली नव्या खेळाडूंची निवड, बघत होतो. मी एकीकडे ताणकाट्याला बॅगा अडकवून वजन करत होतो. तेव्हा तुम्ही विचारलंत, "या पोराला कुठे जायचंय, ते कोणी विचारलं का?" मी "नाही हो, इथे असंच असतं" म्हणालो आणि पुढची बॅग उचलली. त्या तुटक उत्तराचं मला वाईट वाटतंय, म्हणून आज नीट लिहितो.

आयपीएलच्या लिलावासारखं हे नसतं, इथे बोली लागत नाही. तीस संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नवा खेळाडू निवडतात, अशा दोन फेऱ्या होतात. आदल्या हंगामात जो जास्त हरला, त्याला आधी निवडायची संधी, म्हणजे दुबळ्या संघाला सावरता यावं. पण मग कोणी मुद्दाम हरू नये म्हणून १९८५पासून वरचे क्रमांक सोडतीने ठरवतात. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चौदा चेंडू फिरवायचे आणि त्यातले चार काढायचे. चार आकड्यांच्या १,००१ जोड्या होतात, एक सोडून बाकीच्या हजार जोड्या संघांमध्ये वाटलेल्या असतात. यंदा सगळ्यात वाईट खेळला होता युटा, ८२ पैकी १७ सामने जिंकलेला. त्याच्याकडे हजारातल्या १४० जोड्या होत्या आणि डॅलसकडे जेमतेम १८. चिठ्ठी निघाली डॅलसची. युटा थेट पाचव्या नंबरवर गेला. मेन राज्यातल्या न्यूपोर्ट या छोट्या गावचा अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग पहिल्या नंबरवर निवडला गेला आणि त्या चार चेंडूंमुळे टेक्सासमधल्या डॅलसला निघाला.

तुम्ही विचारलं होतंत तो दुसऱ्या नंबरचा मुलगा, डिलन हार्पर. तो आपल्या शेजारच्याच रटगर्स विद्यापीठाचा. तुम्ही सकाळी फिरायला जायचात, तिथून त्यांचं मैदान गाडीने अगदी जवळ. वडील रॉन हार्पर स्वतः एनबीएत खेळून पाच विजेतेपदं मिळवलेले, पण या मुलाला घडवलं ते आईने. ती फिलिपिन्समध्ये जन्मलेली, शाळेच्या संघाची प्रशिक्षक. त्याला सॅन अँटोनियोने घेतलं. आणि बाबा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की नाही, विचारत नाहीत. निवडलं की हक्क त्या संघाचा. पहिल्या फेरीतल्यांचा पगारसुद्धा क्रमांकावरून ठरतो. करार चार वर्षांचा, त्यातली दोन पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. कधी कधी तर निवडणाऱ्या संघाची टोपी घालून फोटो काढून होतात आणि त्याच रात्री त्याची दुसऱ्या संघाशी अदलाबदल झालेली असते.

आई, मागच्या वर्षांच्या निवडींपैकी तुला ते सर्बियाचं पोर आवडलं होतं ना? निकोला योकिच, २०१४मध्ये ४१वा. टीव्हीवर तेव्हा जाहिरात चालू होती आणि तो स्वतः घरी झोपला होता. पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि यंदाचा ड्राफ्ट ब्रुकलिनच्या ज्या सभागृहात झाला, तिथेच २०१५मध्ये पंजाबातल्या शेतकऱ्याच्या मुलाचं, सतनाम सिंगचं, नाव ५२वं पुकारलं होतं. भारतात जन्मलेला पहिलाच. एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. तरी त्या रात्री मी ऑफिसातल्या सगळ्यांना मेसेज करत सुटलो होतो, ते आठवतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. नाव पुकारलं की पोरगा उठतो, आधी आईला मिठी मारतो, मग वडिलांना, आणि टोपी घालून मंचावर जातो. कॅमेरा त्याच्या मागे जातो, टेबलाशी उरतात ती घरची माणसं. या वेळी मी त्यांच्याकडे बघत होतो. मला सांगोला आठवलं. मी तिसरीत होतो. बाबा, तुमच्या हातात परभणीची बदलीची ऑर्डर होती. बढती होती म्हणून शेजाऱ्यांनी पेढे मागितले. तुम्हालाही कोणी विचारलं नव्हतं, पण निदान ऑर्डरवर तुमचं नाव तरी होतं. आई, तुझं कशावरच नव्हतं. तू दुसऱ्या दिवसापासून लोणच्याच्या बरण्या गोणपाटात गुंडाळायला लागलीस. भिशीचे पैसे मध्येच सोडलेस. शिवणाच्या क्लासला तेव्हा अकरा मुली यायच्या. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी तू तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बसलीस आणि मी पूर्ण रस्ता कुरकुर करत होतो की माझा बॅट-बॉल मागे राहिला. पुढे चिपळूणला गेलो तेव्हा क्लास पुन्हा सुरू झालाच नाही.

मी अमेरिकेला निघालो तेव्हाही ठरवलं होतं मीच. तुला विमानतळावर कळलं की परतीचं तिकीट काढलेलं नाही.

बाबा, फ्लॅग पहिल्या वर्षी कसा खेळतो ते मी कळवत राहीन, तुम्हाला त्याची उंच उडी आवडली होती. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, विसरू नका.

आणि आई, रविवारी रात्री साडेआठला, तुमच्या वेळेनुसार, फोन करतो. बाबांकडे देऊ नकोस, तूच उचल. परभणीची ऑर्डर आली त्या संध्याकाळी तू ओट्याशी पाठमोरी उभी होतीस, काहीच बोलली नव्हतीस. तुला काय वाटलं होतं, ते मला ऐकायचंय. वेळ भरपूर काढून ठेवलाय.

तुमचा,
बंड्या