एका पगाराचं घर

सांगली

चि. दादू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईनं परवा फोनवर सांगितलं, बाळंतपणाची रजा संपली की राजीनामा देणार, निदान चिमणी बालवाडीत जाईपर्यंत तरी. तू मागून एवढंच विचारलंस, ‘आई, भागेल का गं एका पगारात?’ असले हिशेब फोनवर होत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

भागेल. तुझे हातात 90 हजार येतात. 36 फ्लॅटच्या हप्त्याला गेले तरी 54 उरतात. तिचे 50 हजार पूर्ण गेले असं धरून घाबरू नकोस. पाळणाघराला 12 द्यावे लागणार होते, शिवाय ऑफिसची बस, तिथलं जेवण, आणि दोघंही दमून आलात की मोबाइलवरून मागवलेला पनीर टिक्का. त्या 50 मधले वीसेक हजार तिच्या नोकरीपायीच उडणार होते. वर्षाचा शाळू आणि गहू मी उन्हाळ्यात इथून भरून पाठवीन, चटणी तर करतेच. गाडी बदलायचं मात्र आता दोन-तीन वर्षं डोक्यातून काढ.

खरी मेख पुढेच आहे. ते 54 हजार तुझ्या खात्यात असणार आणि घर तिच्या हातात.

तुझे बाबा कारखान्यात टाइम ऑफिसला होते. पगाराचं पाकीट आधी देवापुढे, मग कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. माणूस वाईट नव्हता, मागितले की द्यायचे. पण मागावे लागायचे. बांगड्या भरायच्या असोत नाहीतर भाच्याच्या बारशाला कुंची न्यायची असो. ‘कशाला हवेत?’ हे ते रागानं विचारत नसत, पण विचारत. पैसे मागायचे असले की मी आधी चहा टाकायची, कप अर्धा झाला की बोलायची. भाजीतले दोन-दोन रुपये मागे टाकून साखरेच्या डब्याखालच्या कागदात ठेवायची. बाबांना हे कधी कळलं नाही. तुला आज सांगतेय.

तू आठवीत गेलास तेव्हा मी एलआयसीची एजन्सी घेतली आणि मग घरोघरी हेच दिसलं. पुरुष सोफ्यावर बसून सही करणार, बाई पाणी ठेवून आत जाणार. नॉमिनीच्या रकान्यात नाव तिचं, पण पॉलिसी केवढ्याची विचारलं तर ‘त्यांनाच माहीत’. तेराव्यानंतर क्लेमचे कागद घेऊन गेले की त्याच बायका कपाटातल्या सगळ्या पिशव्या माझ्यापुढे ओतायच्या, यातलं कुठलं ते तुम्हीच बघा म्हणून.

म्हणून सांगते, राजीनाम्याआधी एक कर. पगार झाला की त्याच दिवशी तिच्या खात्यात ठरलेली रक्कम आपोआप जाईल अशी सोय बँकेत करून घे. घरखर्चाचे पैसे वेगळे, हे तिचे. पाच हजार असोत की आठ, त्याचा हिशेब तू मागायचा नाहीस, गमतीतसुद्धा नाही. घरखर्चाचं खातं दोघांच्या नावावर असू दे आणि कार्ड दोघांकडे. 10 जुलै 2024 च्या एका पोटगीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नागरत्ना यांनी हेच लिहिलंय, नवऱ्यानं घर सांभाळणाऱ्या बायकोबरोबर जोडखातं ठेवावं, एटीएम कार्ड द्यावं. पेपरात वाचलं तेव्हा वाटलं, हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागावं!

तिच्या नावावर पीपीएफ, म्हणजे सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं, नसेल तर उघडा. वर्षाला कमीत कमी 500 रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, मुदत 15 वर्षं. तू दिलेल्या पैशांची तिनं एफडी केली तर व्याज करासाठी तुझ्याच उत्पन्नात धरतात. पीपीएफच्या व्याजावर कर नाही, त्यामुळे तो घोळच होत नाही. तिचा पीएफ मात्र काढू नका. त्यातून फ्लॅटचं थोडं कर्ज फेडू, असं तुझं मन होईल, मी तुला ओळखते. नोकरी सुटली तरी त्यावर व्याज मिळत राहतं आणि ते पैसे तिनं कमावलेले आहेत.

राजीनाम्याची तारीखही कॅलेंडर बघून ठरवा. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, सलग पाच वर्षं नोकरी लागते आणि बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा त्यात धरतात. तिची पाच वर्षं भरायला, माझ्या आठवणीप्रमाणे, दोन-तीन महिनेच कमी आहेत. तेवढ्यासाठी मी चिमणीला सांभाळायला येते. पण कायमची येणार नाही, हे आताच सांगते. गुडघे साथ देत नाहीत आणि तुमच्या अकराव्या मजल्यावर मला करमत नाही.

आता विम्याचं. तुम्ही तिघं आणि मी, सगळे तिच्या कंपनीच्या पॉलिसीत आहोत. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातूनच झालं, विसरलास की काय? तिनं नोकरी सोडली की ते छत्र गेलं. तुझ्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसत नाहीत, असं तूच म्हणाला होतास. नवी पॉलिसी घेतली तर माझ्या मधुमेहासारख्या जुन्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ती नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे विचार, ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, म्हणजे आधीची वर्षं फुकट जात नाहीत. सरकारचं ज्येष्ठांचं आयुष्मान कार्ड सत्तरीनंतर मिळतं, मला अजून सहा वर्षं आहेत.

तुझा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ आयुर्विमा, आहे का? नसेल तर आधी तो घे, कारण आता सगळं तुझ्या एका अंगावर आहे. फॉर्म भरताना 1874 च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घे. मग ती रक्कम फक्त तिची आणि चिमणीची, तुझ्या घेणेकऱ्यांना त्या पैशांना हात लावता येत नाही. एजंटला हे माहीत नसेल तर एजंट बदल.

आणि एक विचारते, रागावू नकोस. घरी तू राहावंस, असा विषय तुमच्यात निघाला होता का? तिचा पगार जास्त असता तर निघाला असता का? मला उत्तर नको, तुम्ही दोघं बोला. चिमणी तीन वर्षांची होईल तेव्हा सूनबाईला परत नोकरीत जायचं असेल, तर पहिले सहा महिने डबे, शाळेची बस आणि आजारपणातली रजा तुझ्याकडे असेल, हेही आताच ठरवून टाका.

हे पत्र तिला वाचायला दे. बाबांबद्दलचं वाचून ती हसेल, हसू दे. पॉलिसीचे कागद या रविवारी काढ आणि माझ्या पॉलिसीचा नंबर मला कळव.

तुझी,
आई