पुरळ गेले तरी लघवी तपासायला हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या भाद्रपदात माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही पायांवर जांभळट ठिपके उठले, तेव्हा घरात पहिला इलाज झाला तो आमसुलाच्या पाण्याचा. अंगावर काही उठले की ते पित्तच, असे आपण कोकणात धरून चालतो. ठिपके बोटाला उंचवट्यासारखे लागत होते आणि काचेचा पेला दाबून पाहिला तरी फिके पडत नव्हते. दुसऱ्या दिवशी घोटे सुजले, पोटात कळा येऊ लागल्या. शेजाऱ्यांनी डेंगी म्हटले, पण प्लेटलेट पुरेशा निघाल्या, आणि तेथेच डॉक्टरांना निदानाचा धागा सापडला.

हा आयजीए व्हॅस्क्युलायटिस, मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्तवाहिन्यांचा दाह. २०१२ साली हे नाव रूढ करण्यात आले, तरी कागदावर अजून 'एचएसपी' (हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा) हे जुनेच नाव दिसते. घसा, नाक, आतडे यांच्या अस्तराची राखण करणारे आयजीए हे प्रतिपिंड येथे उलटते. त्याच्या काही रेणूंवर गॅलॅक्टोज ही साखर अपुरी असते, शरीर त्या रेणूंनाच परके समजून त्यांच्याविरुद्ध आणखी प्रतिपिंडे बनवते, आणि दोहोंचे जे गुंते होतात ते बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत रुतून बसतात, असे आजचे शास्त्र मानते. तेथे दाह पेटतो, भिंत गळू लागते आणि झिरपलेले रक्त त्वचेखाली ठिपक्यांच्या रूपाने दिसते. आमच्या मुलीचा घसा त्याआधी पंधरवडाभर दुखत होता. बऱ्याच मुलांत सुरुवात अशीच होते.

त्वचेवरचे दिसते, मूत्रपिंडात रुतलेले मात्र दिसत नाही, आणि माझे पत्र त्यासाठीच आहे. सुमारे एकतृतीयांश मुलांच्या मूत्रपिंडाला झळ पोहोचते, तीही बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, अनेकदा पुरळ पुसून गेल्यावर. स्टेरॉइडने पोटदुखी कमी होते, पण मूत्रपिंडाचा हा त्रास टळत नाही. आम्हाला घरी सोडताना रुग्णालयात कोणी एवढे सांगितले नाही. पाचव्या आठवड्यात एका नातेवाईक परिचारिकेच्या आग्रहाखातर लघवी तपासली. बाटलीत ती पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती, अहवालात मात्र रक्तपेशी आणि प्रथिने होती. सुदैवाने वेळेत कळले.

दर तपासणीसाठी घाट चढून कोल्हापूर गाठणे येथील किती पालकांना जमेल? उपकेंद्रांत गरोदर महिलांची लघवी पट्टीने तपासली जातेच. प्रथिनांबरोबर रक्तही दाखवणारी पट्टी तेथे ठेवावी, लहान मुलांच्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा प्राथमिक आरोग्य केंद्रात असावा, आणि अशा मुलांना घरी सोडताना पुढील सहा महिन्यांच्या तपासणीच्या तारखा मराठीत लिहून द्याव्यात, अशी आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे.

कळावे,
एक आई, देवगड (जि. सिंधुदुर्ग)