जीर्णोद्धार करताना इतिहास पुसू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खान्देशात सध्या गावोगावी जुन्या देवळांचे जीर्णोद्धार उत्साहाने चालू आहेत. लोकवर्गणी जमते, आमदार-खासदारांचा निधी मिळतो आणि पाहता पाहता हेमाडपंती बांधणीच्या काळ्या दगडावर पिवळा-गुलाबी ऑइल पेंट चढतो, गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसते. मुलीकडे जर्मनीत गेलो असताना पाहिलेल्या एका वास्तूविषयी या निमित्ताने लिहावेसे वाटते.

एरफुर्ट शहरातील जुने सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ, आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. त्याचा सर्वांत जुना भाग १०९४ च्या सुमाराचा मानला जातो. मार्च १३४९ मध्ये तेथील ज्यूंची कत्तल झाली. प्लेगच्या धास्तीने त्या काळी युरोपात ठिकठिकाणी ज्यूंवर विहिरींत विष कालवल्याचा आळ घेतला जात होता. त्यानंतर ही इमारत एका व्यापाऱ्याच्या हाती गेली, तिची वखार झाली आणि सुमारे पाचशे वर्षे ती वखारच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे खाणावळ आली, नाचाचे दालन आले. भोवतालच्या बांधकामांनी ती इतकी झाकली गेली होती, की हे सिनेगॉग असल्याचा नाझींना पत्ताच लागला नाही आणि म्हणूनच ती वाचली, असे तेथे सांगतात. शहराने ती १९९८ मध्ये विकत घेतली, २००९ मध्ये संग्रहालय खुले झाले आणि २०२३ मध्ये शहरातील अन्य मध्ययुगीन ज्यू वास्तूंसह तिला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

तळघरात मांडलेला खजिना अर्थातच गर्दी खेचतो. सिनेगॉगच्या परिसरातच पुरलेली ३,१४१ चांदीची नाणी, चांदीच्या लगडी आणि चिमुकल्या घुमटीचा आकार दिलेली सोन्याची विवाहमुद्रिका तेथे आहे. कत्तलीच्या वेळी कोणीतरी हे सारे लपवले आणि ते न्यायला परत आले नाही. मला मात्र वरच्या भिंतींपाशी अधिक वेळ थांबावेसे वाटले. पश्चिमेच्या भिंतीत तेराव्या शतकातील गोल नक्षीदार गवाक्ष आहे, आत दिवे ठेवण्यासाठी भिंतीलगत काढलेली दगडी पट्टी आहे, आणि त्याच इमारतीत वखारीच्या काळातले फेरफार व नाचाच्या दालनाचा रंगवलेला सज्जाही जागच्या जागी आहे. सज्जा काढून टाकून ‘मूळचे’ सिनेगॉग नव्याने उभारणे अवघड नव्हते. ते केले नाही, यातच त्या जतनाचे शहाणपण आहे. कारण तो सज्जा गेला असता तर ज्यूंचे प्रार्थनास्थळ नाचघर कसे झाले, हा प्रश्नच पाहणाऱ्याला पडला नसता.

हे केवळ युरोपलाच परवडते असेही नाही. केरळातील परवूर आणि चेंदमंगलम येथील जुनी सिनेगॉगे दुरुस्त होऊन आज मुझिरिस या वारसा-जतन प्रकल्पातील संग्रहालये झाली आहेत, आणि तीही तेथील बहुतेक ज्यू इस्रायलला निघून गेल्यानंतर.

आपल्याकडे सांगण्यासारखे कमी आहे काय? चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाची हकिगत सांगतो, आणि पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा कोणता वाटा मठाला द्यायचा, हे त्याच्या शेवटच्या भागात तत्कालीन मराठीत नोंदवलेले आहे. एखाद्या हौशी समितीने त्या दगडावर दोन हात रंग मारला असता, तर एवढा मोठा पुरावा आपल्या हातून गेला असता. गावाबाहेरच्या किती वीरगळांवर शेंदराचे इतके थर बसले आहेत, की घोडा कोणता आणि स्वार कोणता हे बोट फिरवूनही कळत नाही. श्रद्धेचा अवमान करण्याचा येथे हेतू नाही; पूजा चालू राहावीच.

माझी मागणी मर्यादित आहे. सार्वजनिक निधीतून कोणत्याही जुन्या वास्तूचे काम मंजूर करण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढून शिलालेखांचे ठसे घ्यावेत, पुरातत्त्व खात्याच्या जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि दगडावर ऑइल पेंट व सिमेंटचा गिलावा चढवण्यास त्या मंजुरीतच स्पष्ट मनाई असावी. काम पुरे झाल्यावर वास्तूचा काळ आणि तिच्यात झालेले बदल सांगणारा मराठी फलक दाराशी लावावा. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायला जागा निघतेच, तिच्या शेजारी हाही मावेल.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव