‘लुई शैली’ म्हणजे काळाचा पुरावा नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत फ्रेंच पुराणवस्तूंवर आलेल्या लेखात सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या दिवालगिऱ्या (भिंतीवर लावायचे दिवे) सरसकट ‘पंधराव्या लुईच्या काळातील’ ठरवल्या आहेत. येथे शैली आणि काळ यांची गल्लत झाली आहे.

पंधरावा लुई 1715 ते 1774 या काळात गादीवर होता. त्याच्या अमदानीत रोकोको या वळणदार, नक्षीदार शैलीला बहर आला. या शैलीतील दिव्याच्या फांद्या मुद्दाम असमतोल वळवलेल्या असत, त्यामुळे आरशाच्या दोन्ही बाजूंना लावायची जोडी डावी-उजवी अशी वेगवेगळी ओतावी लागे. मात्र हर्क्युलेनियम (1738) आणि पाँपेई (1748) या इटलीतील गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहरांच्या उत्खननांनंतर प्राचीन नमुन्यांची ओढ वाढली आणि फिलिप काफिएरीसारखे कारागीर 1760 च्या दशकातच कलश व पानांच्या माळा असलेले समतोल दिवे घडवू लागले. म्हणजे ज्याला आपण ‘सोळाव्या लुईची शैली’ म्हणतो, ती तो राजा होण्याआधीच रुजली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात या दोन्ही शैलींच्या हुबेहूब प्रतिकृती पॅरिसमध्येच मोठ्या प्रमाणावर निघाल्या, आणि त्यांतील काहींचे काम खरोखर उत्तम आहे.

मग काळ ओळखायचा कसा? मार्च 1745 ते फेब्रुवारी 1749 दरम्यान फ्रान्समध्ये तांबेमिश्रित धातूंवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून मुकुटाखाली ‘सी’ हे अक्षर ठोकले जाई. मात्र त्या वर्षांत विकल्या गेलेल्या जुन्या वस्तूंवरही ही खूण आढळते. मुलामा अधिक बोलका असतो. सोने पाऱ्यात मिसळून तो लेप ब्राँझवर चढवत, मग विस्तवावर पारा उडवून लावत आणि उरलेले सोने हवे तेथे अकीकाने घासून चकाकवत. अठराव्या शतकातील पॅरिसचा कारागीर पिएर गुतिएर याने याच कामात मंद, बिनचकाकीच्या पृष्ठाचे कसब कमालीच्या उंचीवर नेले. या लखलखाटाची किंमत पाऱ्याच्या वाफेने मुलामा देणाऱ्यांचे शरीर पोखरून वसूल केली, हे विसरता येत नाही. पाऱ्याचा मुलामा एकोणिसाव्या शतकातही चालू होता, त्यामुळे तो असला म्हणून वस्तू अठराव्या शतकातील ठरत नाही. पण मूळचाच मुलामा विजेच्या प्रक्रियेने दिलेला असेल, तर ती वस्तू 1840 च्या आधीची असणे जवळजवळ अशक्य आहे.

म्हणून अशा लेखांत शैली आणि घडणीचा काळ वेगवेगळे नोंदवावेत, आणि ज्ञात असल्यास आराखडाकार, ओतारी व मुलामा देणारा यांची नावेही राजाच्या नावाआधी यावीत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे