फलकावरचा मजकूर आणि खालचा चबुतरा

मा. संपादक,

कारगिल विजय दिनाला आमच्या भागातल्या शाळा-ग्रामपंचायतींपुढे जे फलक लागतात, त्यांवर मेजर सुधीर वालिया यांच्या नावाखाली 'कारगिल युद्धात शहीद, परमवीर चक्र' असं रंगवलेलं दिसतं. दोन्ही चूक. ९ पॅरा स्पेशल फोर्सेस (एसएफ) या लष्करी कमांडो पलटणीचे वालिया कारगिलला लढले हे खरं. मश्कोह खोऱ्यातल्या झुलू टॉपवर चढाई करणाऱ्या तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. पण त्यांना वीरमरण आलं २९ ऑगस्ट १९९९ ला, युद्ध संपून महिना उलटल्यावर, कुपवाड्याच्या हाफरुडा जंगलात. अतिरेक्यांच्या लपलेल्या अड्ड्यावर ते मोजक्या जवानांसह तुटून पडले. चेहरा, छाती आणि हाताला गोळ्या लागल्या. हलता येईना, तरी पडल्या जागेवरून रेडिओ सेटवर ते जवानांना हुकूम देत राहिले. पस्तीस मिनिटांनी गोळीबार थांबला, तेव्हा कुठे त्यांनी स्वतःला उचलू दिलं. दवाखान्यात नेताना वाटेतच प्राण गेला. भाषणांत 'देशासाठी रक्त सांडलं' एवढ्यावर भागवतात; ही पस्तीस मिनिटं कोणी सांगत नाही.

त्यांना मिळालं ते अशोक चक्र. शत्रूसैन्यासमोरच्या शौर्याला परमवीर, त्याव्यतिरिक्तच्या शौर्याला अशोक चक्र. मानाच्या क्रमात ते परमवीरच्या लगेच खाली, महावीर चक्राच्याही वर. तेव्हा ते लिहिण्यात कमीपणा कसला? पदकाची फीत पेंटर सर्रास तिरंगी करतात. अशोक चक्राची फीत गडद हिरवी, मधोमध केशरी उभी रेघ. साधी जांभळी असते ती परमवीरची. फोटो दिला नाही, तर फ्लेक्सवाला काळ्या कपड्यांतला, तोंड झाकलेला एनएसजी या वेगळ्याच दलाचा कमांडो टाकून मोकळा होतो. पॅरा एसएफची ओळख म्हणजे गडद तांबड्या (मरून) रंगाची बेरे टोपी आणि छातीवरचा बिल्ला: पंखांचा खंजीर, खाली देवनागरीत 'बलिदान'.

आता चबुतऱ्याचं. फ्लेक्स आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात विटतो, म्हणून काही गावं ग्रॅनाइटची पाटी बसवताहेत. चांगलंच आहे. पण काळ्या मातीवर नुसती फरशी ओतून चबुतरा उभा केला, की तो पावसाळ्यात उचलला जातो आणि मेमध्ये भेगा पडल्या की एका अंगाला कलतो. पाटी मग कोपऱ्यातून तडकते. कंत्राटदार सिमेंट कमी पडलं म्हणतो. दोष पाणी पिऊन फुगणाऱ्या मातीचा असतो. तीन-चार फूट काळी माती काढून टाकावी, सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम भरावा, प्रत्येक थर पाणी मारून ठोकावा, मग पाया घ्यावा. पावसाचं पाणी पायाशी मुरू नये म्हणून चारी बाजूंनी बाहेर उतार द्यावा. अक्षरं कोरूनच घ्यावीत, चिकटवलेली पितळी अक्षरं टिकत नाहीत. काही गळतात, काही चोरीला जातात.

मजकूर एवढाच पुरे ('बार' म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा): मेजर सुधीर कुमार वालिया, अशोक चक्र (मरणोत्तर), सेना पदक व बार, ९ पॅरा (एसएफ). हाफरुडा, कुपवाडा. २९ ऑगस्ट १९९९.

— काही माजी सैनिक, यवतमाळ जिल्हा