मंत्रीसाहेब, फौज बाहेर पाठवायच्या आधी एकदा संसदेत या

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडं चार घरं सोडली की एक फौजी घर लागतं, त्यातलंच एक आमचं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. पलटणीचं नाव मुद्दाम लिहित नाही, ते म्हणाले माझं जे काय आहे ते माझं आहे, पलटणीला त्यात ओढू नको. १९८७ साली ते श्रीलंकेत गेले, जाफन्याला. मी तेव्हा तिसरीत होतो.

पत्र लिहायचं कारण म्हणजे आमचा गावचा व्हॉट्सॲप ग्रुप. शेजारच्या देशात कुठं काही पेटलं की त्यावर सुरू होतं, फौज घुसवा, एकदाच काय तो निकाल लावा. २०१८ ला मालदीवमध्ये आणीबाणी लागली तेव्हा झालं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशात सरकार पडलं तेव्हा तर तीन दिवस मोबाईल शांत नव्हता. टीव्हीवर पण तेच, अँकर ओरडतोय आणि मागं रणगाड्याचं ग्राफिक पळतंय. अण्णा ग्रुप वाचतात आणि मोबाईल पालथा घालून ठेवतात. परवा मी विचारलं तुम्ही काय लिहित नाही का, तर म्हणाले, "म्या लिवलं तर म्हनत्याल म्हातारा भ्याला."

म्हणून मी लिहितोय. मला युद्ध नको-शांतता हवी टाईपचं भाषण करायचं नाहीये. माझा प्रश्न साधा आहे, आपली पोरं दुसऱ्याच्या देशात पाठवायची हे ठरवताना ती परत कधी आणि काय झाल्यावर येणार हे कुणी विचारतं का, आणि विचारलं तर कुठं?

१९८७ चंच बघा. तिथलं सरकार आणि वेगळं तमिळ राष्ट्र मागणारे तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यातली लढाई थांबवायची म्हणून २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगेच आपली फौज तिकडं उतरायला लागली. दुसऱ्या दिवशी सलामी घेताना तिथल्या एका नौसैनिकानं आपल्या पंतप्रधानांवर बंदुकीचा दस्ता उगारला, तो फोटो आमच्या शाळेत गुरुजींनी पेपरात दाखवलेला मला अजून आठवतो. म्हणजे यजमानांच्या घरातच या पाहुण्याबद्दल काय भावना होती ते चोवीस तासात कळलं होतं. पण संसदेत आधी चर्चा करून, मतदान घेऊन, मग फौज गेली असं काही झालं नाही, कारण आपल्याकडं तसा नियमच नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. सरकारनं ठरवलं की विमानं उडतात.

काम काय दिलं होतं? फौजेला नावच दिलं 'शांती सेना', म्हणजे शांती राखायची, दोन्ही बाजूंना वेगळं ठेवायचं, तमिळ वाघांची हत्यारं जमा करून घ्यायची. त्यासाठी करारात मुदत होती ७२ तास! अण्णा सांगतात सुरुवातीला जाफन्यात बायकांनी ओवाळलं, पोरं गाडीमागं पळायची, घराघरातून शहाळी यायची. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या ताब्यात असलेल्या वाघांच्या बारा जणांनी सायनाईड खाऊन जीव दिला, सगळं फिस्कटलं, आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास ऑपरेशन पवन, म्हणजे जाफना वाघांकडून घ्यायची मोहीम, सुरू झालं. ज्यांचं रक्षण करायला गेलो त्यांच्याच गल्लीत लढाई. अण्णांच्या शब्दात, "पयल्यांदा हार घातलं, आन दोन म्हैन्यात त्याच गल्लीत पायाखाली सुरुंग."

जाफना म्हणजे ताडाची झाडं, ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं, आणि प्रत्येक घराला विहीर. कुंपणापलीकडं दहा फुटावर कोण आहे दिसत नाही. सुरुंग रस्त्यात, ताडाच्या बुंध्यात, कुठंही. समोरच्याकडं एके-४७ आणि आपल्याकडं जुनी एसएलआर रायफल. अण्णा अजूनही शेताच्या बांधावरून चालताना पाय टाकायच्या आधी खाली बघतात, आई म्हणायची तुमचं काय हरवलंय काय.

१२ ऑक्टोबरला जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरनं जवान उतरवले. शीख लाईट इन्फंट्रीच्या तुकडीतले तीस जण खाली उतरले, पुढची मदत उतरूच शकली नाही, त्यातले एकोणतीस मारले गेले आणि एक पकडला गेला. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन सर्च करून परत येताना त्यांच्या तुकडीवर घात लावला गेला, छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं आणि शेवटपर्यंत ऑर्डर देत राहिले. परमवीर चक्र, मरणोत्तर. मुंबईत जन्मलेला माणूस, तिथल्याच एसआयईएस कॉलेजात शिकलेला. मुंबईत किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

आणि हे पण लिहिलंच पाहिजे, अण्णा नको म्हणाले तरी. त्याच दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, जाफना हॉस्पिटलमध्ये आपल्या फौजेच्या गोळीबारात पेशंट, डॉक्टर, नर्स असे साठच्या वर लोक गेले असं तिथले लोक सांगतात. आपल्या बाजूनं सांगितलं गेलं की आतून फायरिंग झालं होतं. जे असेल ते असेल, पण तिथल्या लोकांसाठी आपण 'शांती सेना' राहिलो नव्हतो. हुकूम एक, परिस्थिती दुसरी, आणि मधे जवान.

हे किती दिवस चालणार होतं? तेव्हा कोलंबोत आपले हायकमिशनर असलेले जे. एन. दीक्षित यांनी नंतर लिहिलंय की सैन्याच्या वरिष्ठांचा अंदाज काही आठवड्यांचा होता. झाले बत्तीस महिने. संख्या वाढत वाढत सत्तर-ऐंशी हजारांवर गेली, सुमारे बाराशे जवान गेले. १९८९ ला तिकडचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासाच म्हणायला लागले जुलै संपायच्या आत निघा. इकडं सरकार बदललं, व्ही. पी. सिंगांनी फौज परत बोलावली, शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली आणि मद्रासला तिच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. पाठवताना विचारलं नव्हतं आणि परत आल्यावर घ्यायला पण गेलं नाही.

आमच्या घरात ते दिवस असे गेले. अण्णांचं आंतरदेशीय पत्र यायचं, पत्ता कायम ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट, आत कायम "मी मजेत आहे, काळजी नसावी, इथं नारळ भरपूर." पत्र पोचायला बारा-बारा दिवस लागायचे. आई दोन तारखा बघायची, आतली आणि शिक्क्यावरची, बोटावर मोजायची आणि म्हणायची, "हे बारा दिवसापूर्वीचं मजेत." मग रेडिओ लावायची.

आता तुम्ही म्हणाल मालदीवचं पण सांगा की. सांगतो. ३ नोव्हेंबर १९८८, भाडोत्री सैनिकांनी राजधानी मालेवर हल्ला केला, तिथले राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, त्याच रात्री आग्र्याहून पॅराची (छत्रीधारी) पोरं आयएल-७६ विमानातून थेट शेजारच्या हुलहुले विमानतळावर उतरली, काही तासात माले ताब्यात. तिथं संसदेची वाट बघत बसलो असतो तर गयूम गेले असते, मान्य. पण तिथं काम एका ओळीत सांगता येत होतं आणि ते झालं की बहुतेक फौज परतली. जाफन्यातलं काम मात्र दर महिन्याला बदलत गेलं.

आणि २००३? अमेरिकेनं इराकसाठी आपल्याकडून जवळजवळ एक डिव्हिजन, म्हणजे हजारो जवान, मागितली होती. त्यावेळी देशात नुसती खडाजंगी चालू होती. एप्रिलमध्ये लोकसभेनं इराकवरच्या अमेरिकी हल्ल्याविरुद्ध ठराव केला, त्यात हिंदीत 'निंदा' आणि इंग्रजीत त्याहून जरा मवाळ शब्द, यावर पण लोक हसले. पण महिनोन्महिने वाद झाला, विरोधी पक्षांनी धरून ठेवलं, सरकारमध्येच दोन मतं होती, आणि १४ जुलैला वाजपेयी सरकारनं सांगितलं, युनोच्या स्पष्ट आदेशाशिवाय जाणार नाही. वाद घातल्यानं देश कमजोर होतो म्हणणाऱ्यांनी तो उन्हाळा आठवावा, पुढं इराकचं काय झालं ते आठवावं, आणि मग आमच्या तालुक्यातली किती पोरं त्या डिव्हिजनमध्ये असती याचा हिशोब करावा.

बाहेर पण सगळं आलबेल आहे असं नाही. अमेरिकेत १९७३ पासून कायदा आहे, काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) परवानगीशिवाय साठ दिवसांच्या वर लढाई नाही, तरी २०११ मध्ये लिबियावरच्या हल्ल्यांच्या वेळी ओबामा सरकारनं 'ही त्या अर्थानं लढाईच नाही' असं सांगून पळवाट काढली. पण २०१३ ला ब्रिटनमध्ये सीरियावर हल्ल्याचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ नं पडला आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी तो निकाल मानला. तेरा मतं साहेब, फक्त तेरा.

तर मागणी दोनच. तातडी असेल तर पाठवा, पण ठराविक दिवसात संसदेत येऊन काम काय, किती दिवस, काय झालं की परत, हे तीन मुद्दे मांडून मत घ्या, आणि मुदत संपली की परत या. गुप्त काय ठेवायचं ते ठेवा, कुठल्या टेकडीवर कोण बसलंय हे कुणी विचारत नाहीये.

दुसरं, जून २०२१ मध्ये तुमच्याच मंत्रालयानं धोरण जाहीर केलं की युद्धांचा आणि ऑपरेशनांचा इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा आणि पंचवीस वर्षांपेक्षा जुनी कागदपत्रं तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यावीत. चांगलं धोरण आहे, खरंच. पवन संपून पस्तीस वर्षं उलटली. त्या काही आठवड्यांच्या अंदाजावर बैठकीत कुणी प्रश्न विचारला होता का, युनिव्हर्सिटीच्या मैदानाची माहिती कुणी दिली होती, हॉस्पिटलमध्ये नक्की काय झालं, हे त्या फायलीतच असणार. ती सामान्य माणसाला कुठं वाचायला मिळेल एवढं तरी सांगा. अण्णांची सत्तरी उलटलीय, त्यांना हे वाचायचंय.

उत्तर पाठवणार असाल तर मराठीत पाठवा, म्हणजे मला वाचून दाखवायला लागणार नाही.

आपला,
जाफन्याहून परत आलेल्या एका हवालदाराचा मुलगा
जि. सातारा