चौथा टेक की एकोणिसावा?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सोलो व्हायोलिनच्या रेकॉर्डिंगबद्दल जे टिपण आलं होतं ते मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा जरा चिडूनच वाचलं. लेखकाचं म्हणणं असं की जुन्या लोकांची रेकॉर्डिंग आता हौशी संग्राहकांनी ठेवावीत, शिकणाऱ्या पोरांना ऐकवायची तर आजचीच, कारण आजच्या वादकांचा एक सूर इकडचा तिकडे होत नाही. इटालियन वादक-रचनाकार पगानिनीच्या २४ कॅप्रिसांबद्दल (एकट्या व्हायोलिनसाठीच्या छोट्या, अवघड रचना) तर त्यांनी सरळ मार्क दिल्यासारखं केलंय, ज्यात चूक सापडत नाही ते रेकॉर्डिंग पहिलं. असं असेल तर मग ऐकायचं कशाला, तपासायलाच बसू की.

मी समीक्षक वगैरे नाही. शाळेत असताना धोबीतलावला एका गोवेकर सरांकडे सात वर्षं व्हायोलिन शिकले, एवढंच माझं क्वालिफिकेशन. सर दिवसा सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे, तेसुद्धा त्यांच्या गावच्या कुडात (गोव्याच्या गावकऱ्यांसाठीचं मुंबईतलं राहण्याचं ठिकाण), भिंतीला लावलेल्या ट्रंकांच्या रांगेत जेमतेम व्हायोलिनचा गज हलेल एवढ्या जागेत उभं राहून. मी घरून घोटून घोटून स्केल बसवून नेली की सर डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "नोट सारकी आसा बाय, पूण गाणें खंय?" तेव्हा राग यायचा, एवढं घासून आणलं आणि हे गाणं विचारतायत! आता कळतंय ते काय विचारत होते.

कळलं ते मुलीमुळे. ती सोळा वर्षांची आहे, गेल्या वर्षी एका स्पर्धेसाठी तिला व्हिडिओ पाठवायचा होता, अट अशी की एकच सलग टेक, कट चालणार नाही. तिनं पगानिनीचं २० नंबरचं कॅप्रिस घेतलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात सुरुवातीला खालची डी तार मोकळी वाजत राहते, अगदी तंबोऱ्यासारखी (खरं तर ती मशकबाजाची, म्हणजे बॅगपाइपची नक्कल आहे), आणि वर शांत चाल चालते, मग मधेच बी मायनर या स्वरपट्टीत सगळं खवळतं, ट्रिल्स (शेजारच्या दोन सुरांची भरभर थरथर) आणि उडते सूर, आणि परत ती शांत चाल येते. दोन दिवसांत तिनं एकोणीस टेक केले. चौथ्या टेकला मधल्या भागात एक सूर फाटला, आणि त्याच वेळी खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं त्याची ट्यून पण आत आली. एकोणिसावा अगदी स्वच्छ. मी दोन्ही रात्री हेडफोन लावून ऐकले. चौथ्यात ती खवळलेल्या भागातून परत शांत चालीवर येते तिथे तिनं गज हलकेच ठेवला होता, थोडा उशिरा, म्हणजे धावत आलेला माणूस उंबऱ्यावर क्षणभर थांबतो ना तसा, आणि मग ती मोकळी डी ऐकताना बरं वाटतं, घरी आल्यासारखं. एकोणिसाव्यात ती डी आली ती बसच्या टायमिंगला आल्यासारखी. क्लासनं कुठला पाठवायला सांगितला ते सांगायला नकोच. आणि मी पण हो म्हटलं, कारण फाटलेला सूर सगळ्यांना ऐकू येतो, उंबऱ्यावर थांबलेलं कुणाला ऐकू येणार.

माझा मुद्दा तिथेच आहे. रेकॉर्डिंगमधे चूक दाखवता येते, बाकीचं दाखवता येत नाही, म्हणून आपण चुकाच मोजत बसतो.

आणि चूक म्हणजे तरी काय, हे लेखकानं एकदा व्हायोलिन हातात घेऊन बघावं. डी तारेवर पहिलं बोट ठेवलं की ई लागतो. हा ई वरच्या मोकळ्या ए तारेबरोबर एकदम वाजवा आणि दोन सुरांमधलं ते वॉंव वॉंव डोलणं थांबेपर्यंत बोट सरकवत राहा. जुळला? आता बोट तिथंच ठेवा, अजिबात हलवू नका, आणि गज कलता करून ए सोडून खालची मोकळी जी त्याच्याबरोबर वाजवा. तोच ई आता चढा लागतो, कानात टोचतो, बोट केसभर मागे घ्यावं लागतं. सरांनी हे मला पहिल्या वर्षी करून दाखवलं होतं आणि मला वाटलं होतं व्हायोलिनच खराब आहे. फरक आहे साधारण अर्ध्या सुराचा पाचवा हिस्सा. आपल्या वाचकांना हे परकं वाटायला नको, जी ला सा मानलात तर हा ई म्हणजे शुद्ध धैवत, एक त्रिश्रुती (तीन श्रुतींचा, म्हणजे सुराच्या तीन बारीक पायऱ्यांचा) आणि एक चतुःश्रुती (चार श्रुतींचा, किंचित चढा), आणि मधलं अंतर ते ८१/८०, आपली प्रमाणश्रुतीच. भूप आणि देशकार या रागांचा धैवत एक नाही असं आपल्याकडे शिकवतात तो प्रकार. आणि मोबाईलवरच्या ट्यूनरचा हिरवा दिवा ज्या ई ला लागतो तो या दोन्हींच्या मधे कुठेतरी, म्हणजे कुणाशीच नीट जुळत नाही!

आता सोलो व्हायोलिनमधे, जर्मन रचनाकार बाखच्या फ्यूगमधे (एकच चाल एकामागून एक अनेक आवाजांत येते ती रचना) किंवा पगानिनीच्या दुहेरी सुरांमधे, हा निर्णय वादकाला क्षणोक्षणी घ्यावा लागतो. शेजारच्या तारेशी जुळवू की चालीच्या ओढीनं सूर थोडा चढवू? साथीला पियानो नाही, कुणी झाकायला नाही. एकानं चालीसाठी चढवलेला सूर दुसऱ्याला कणसूर वाटू शकतो, आणि दोघंही बरोबर असू शकतात. यात तुम्ही "एकही सूर चुकत नाही" हे कुठल्या फूटपट्टीनं मोजलंत?

दुसरं, स्वच्छ वाजवायची किंमत असते आणि ती कधीकधी रचनाकाराकडूनच वसूल केली जाते. ५ नंबरचं कॅप्रिस घ्या, सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ए मायनर, सुसाट. त्यात पगानिनीनं गज कसा मारायचा ते लिहून ठेवलंय, तीन सूर खाली येणाऱ्या गजात टप्पे खात आणि चौथा वर जाताना. हातातून सांडलेल्या गोट्यांसारखा आवाज येतो, आणि त्या गोट्या कुठे जातील याची काही खात्री नसते. म्हणून बहुतेक जण काय करतात, प्रत्येक सुराला सुटा गज मारतात. वेग येतो, एकेक सूर मोत्यासारखा येतो, लोक तोंडात बोट घालतात, आणि पगानिनीनं मागितलेली ती धडपड गायब. मग यातलं बिनचूक कुठलं?

हे सगळं कापण्या-जोडण्यामुळे आणखी वाढलं. तबकडीच्या काळात एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं, मेणावर एकदा कोरलं की कोरलं, खोडरबर नाही. स्पॅनिश व्हायोलिनवादक सारासातेनं १९०४ ला आपली झिगॉयनरवायझेन ही रचना वाजवली त्यात मधेच तो स्वतः काहीतरी बोललेला चक्क ऐकू येतो, तरी ती तबकडी बाजारात आली. मग टेप आली, ब्लेडनं कापा आणि चिकटवा, आणि आता कॉम्प्युटरवर तर एका सोलो रेकॉर्डिंगमधे शेकडो कट असू शकतात. मी कापण्याच्या विरुद्ध नाही हां. सिनेमाच्या गाण्याला पन्नास-साठ माणसं एका हॉलमधे बसलेली, शेवटच्या ओळीला एक व्हायोलिन घसरलं की सगळ्यांनी पहिल्यापासून, सर त्याचे किस्से सांगायचे आणि घाम आत्ता फुटल्यासारखा पुसायचे. त्यांना कट मिळाला असता तर त्यांनी दोन्ही हातांनी घेतला असता. पण सोलोचं वेगळं आहे. अवघड जागेतून बाहेर पडल्यावर हात जो सैल होतो, पुढच्या अवघड जागेआधी जो श्वास घेतला जातो, तो वेळ संगीतात धरलेला असतो, आणि तिथेच कट पडला की दोन्ही बाजूचे सूर शाबूत राहतात आणि मधला माणूस जातो.

आता लेखक म्हणतील की बाई बेसुरेपणाचं कौतुक करतायत. अजिबात नाही. आपल्याकडेही "भाव आहे हो" म्हणून खपवलेलं कच्चं गाणं मी भरपूर ऐकलंय आणि मधे उठून चहालाही गेलेय. तयारी हवीच. हायफेट्झला लोक आयुष्यभर थंड म्हणत राहिले, उभा राहायचा पुतळ्यासारखा, चेहऱ्यावर माशी हलायची नाही, पण डोळे मिटून ऐका, चटका बसतो, तिथे तयारी आणि गाणं वेगळं काढताच येत नाही. मायकेल रॅबिनची १९५८ ची सगळी कॅप्रिसं घ्या, बावीस वर्षांचा मुलगा, सुराला आजच्या कुणाच्याही बरोबरीचा आणि वर असा लोभस आवाज (बिचारा पस्तिसाव्या वर्षीच गेला). पर्लमनची १९७२ ची तर आमच्या वेळेला कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून ऐकली जायची, त्यात शेवटी शेवटी टेपची खरखरच जास्त असायची. आणि आजच्यांत ऑगस्टिन हाडेलिखची २०१८ ची ऐकाच, सगळं जागच्या जागी आणि तरी प्रत्येक कॅप्रिस म्हणजे एक वेगळा माणूस बोलतोय. तेव्हा जुनं विरुद्ध नवं हे भांडणच नाही. थॉमस झेहेटमायर तर त्यात स्वतःच्या जागा घालतो, लिहिलेल्या सुरांशी ताडून बघणाऱ्यानं त्याला किती मार्क द्यायचे?

पण ज्या टोकाच्या उदाहरणासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते रॅबिन पण नाही आणि पर्लमन पण नाही. एनेस्कू. रुमानियन व्हायोलिनवादक, येहुदी मेन्युइनचा गुरू. मेन्युइननं बाखचे सहाही सोलो सोनाटा-पार्टिटा पहिल्यांदा पूर्ण रेकॉर्ड केले ते १९३० च्या दशकात, विशीच्या आसपास, हात लोण्यासारखा. गुरूनं तेच रेकॉर्ड केलं चाळीसच्या दशकाच्या शेवटी, साठी उलटून गेल्यावर, आणि हात थकलेले. ते रेकॉर्डिंग लावलं की पहिल्या मिनिटात सूर खाली येतात, गज खरखरतो, चार तारांचे मोठे सूर कण्हत कण्हत लागतात. लेखकाच्या हिशोबानं नापास. मी पण पहिल्यांदा बंद केलं होतं. मग एका पावसाळी दुपारी त्यातली शाकोन (दुसऱ्या पार्टिटाचा शेवटचा भाग) तेवढी पूर्ण ऐकली. तेच चार-चार मापांचं आवर्तन परत परत येतं त्यात, पाव तास, आणि एनेस्कू प्रत्येक वेळी त्याकडे असा येतो की याआधी काय म्हणून झालंय ते त्याला आठवतंय. मधे डी मायनर सरून डी मेजर, म्हणजे उजळ स्वरपट्टी, उघडतं तिथे तो आवाज वाढवत नाही, उलट बारीक करतो, जवळजवळ पुटपुटतो. अनेक तयारीच्या वादकांकडून मी ती जागा ऐकलीय, तिथे सूर्य उगवतो छान, पण पुटपुटत नाही कुणी.

मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, "आई, हे बेसूर आहे." मी म्हटलं आहेच. मग म्हणाली, "पण ते मेजरचं परत लाव." अजूनही तिला हाडेलिखच आवडतो आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही, फक्त फोनमधे आता दोन्ही आहेत.

आपल्याकडे प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनला लोक "गाणारं व्हायोलिन" म्हणायचे. बिनचूक व्हायोलिन कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही, आणि जोगांचा सूर काय हलत होता अशातला भाग नाही. शब्द आपल्याकडे तयार होताच की, पुरवणीच्या लेखकाला तो सोडून परीक्षकाची भाषा का वापरावीशी वाटली कळत नाही.

पुरवणीत अशी यादी परत द्यायची असेल तर दोन विनंत्या. रेकॉर्डिंग मैफलीतलं आहे की स्टुडिओतलं ते प्रत्येकापुढे लिहा, म्हणजे ऐकणाऱ्याला कान कसा लावायचा ते कळेल. आणि त्या टिपणाबरोबरचा फोटो उलटा छापला गेलाय, वादकाचा गज डाव्या हातात आलाय, तेवढी दुरुस्ती द्या.

आपली,
एक वाचक, माहीम